लॅपटॉपवर चहा सांडला, आणि तो कळकला

मे महिन्यातली सकाळ. दुसरा चहा, टेबलभर पसरलेले कागद आणि कोपराचा एक धक्का. अर्धा कप चहा कीबोर्डच्या उजव्या भागावर. बहुतेक जण जे करतील तेच मी केलं. आधी "अरे अरे अरे" म्हणालो, मग उघडी फाइल सेव्ह केली, मग फडकं शोधायला स्वयंपाकघरात गेलो. तोवर लॅपटॉप चालूच. संध्याकाळपर्यंत त्यावर कामही केलं. रात्री तो बंद करून दोन दिवस पंख्याखाली उपडा ठेवला, तिसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि तो मुकाट्याने सुरू झाला. "काही होत नाही हो, वाळवला की झालं," असं मी महिनाभर लोकांना सांगत फिरलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. आधी एक कळ गेली. मी इन्स्क्रिप्टवर टंकतो आणि त्यात ल आणि ळ एकाच कळीवर बसतात. त्यामुळे माझ्या लिखाणातून लाल, काळा, कालवण सगळं एकदम हद्दपार झालं. चार दिवसांनी लॅपटॉप सुरूच होईना. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काही नाही. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं, भिंगाखाली धरलं आणि मला बघायला सांगितलं. आतल्या मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यात निळसर हिरवा, भुसभुशीत थर चढला होता.

तो रंग माझ्या ओळखीचा होता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की आजी म्हणायची, "कळकलं गं, ओतून टाका." माझा लॅपटॉप कळकला होता.

पातेल्यात आणि बोर्डावर घडतं ते रसायन जवळपास एकच. पितळेत तांबं असतं. आंबट आणि ओलं काही त्याला लागलं, हवा मिळाली की तांब्याचे क्षार तयार होतात, तोच हा हिरवा थर. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर वीज वाहून नेणाऱ्या ज्या बारीक रेघा असतात त्या तांब्याच्याच. जाडी साधारण ३५ मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी, म्हणजे आपल्या केसाच्या निम्मी. त्यांच्यावर हिरव्या किंवा काळ्या लाखेसारखा लेप असतो. लेप जिथे उघडा ठेवलेला असतो तिथे भाग डाग देऊन जोडलेले असतात आणि आजकालचा हा डाग ९५ टक्क्यांहून जास्त कथलाचा असतो. म्हणजे बोर्डालाही एक प्रकारची कल्हईच असते म्हणा ना. फरक एवढाच की पातेल्यातून वीज वाहत नाही. सगळी गोम इथेच आहे.

पाण्याने नेमकं काय होतं

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकत्या अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. अनेक ठिकाणी भाग जोडून झाल्यावर तयार बोर्डही पाण्याने धुतला जातो. तेव्हा आपला लॅपटॉप जन्माआधीच बऱ्याच आंघोळी करून आलेला असतो.

आपल्या पेल्यातलं पाणी मात्र तसं नसतं. त्यात क्षार विरघळलेले असतात. बोअरच्या पाण्याच्या बादलीला जो पांढरा राप चढतो, तेच ते. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण होतात आणि ते वीज इकडून तिकडे नेतात. आता बोर्डावर दोन रेघा शेजारी शेजारी आहेत असं समजा. मधलं अंतर मिलीमीटरच्या अंशाइतकं. एकीवर चार्जरकडून आलेले १९-२० व्होल्ट, दुसरीवर शून्य. दोघींवर मिळून पाण्याचा एक थेंब बसला.

ठिणगी उडून सगळं जळून जाईल, अशी आपली कल्पना असते. कधी तसंही होतं. जास्त दाबाची, म्हणजे जास्त व्होल्टची, लाइन चुकून प्रोसेसरच्या लाइनला भिडली तर प्रोसेसर जागच्या जागी संपतो, कारण त्याची सवय साधारण एका व्होल्टची. स्क्रीनच्या वायरीचा कनेक्टर यासाठी बदनाम आहे. स्क्रीनमागच्या दिव्यांना अनेक मॉडेलांत बॅटरीपेक्षा बराच जास्त दाब लागतो आणि ती लाइन चित्राच्या नाजूक लाइनींच्या शेजारूनच जाते.

पण बहुतेक लॅपटॉप मरतात ते इतक्या नाट्यमय रीतीने नव्हे. शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन शिकलो होतो, ते आठवा. पाण्याचे तुकडे व्हायला १.२३ व्होल्ट पुरतात. बोर्डावर ३.३, ५, १२, १९ अशा सगळ्या लाइनी त्याच्या वरच्याच. थेंब बसला की तिथे एक छोटी प्रयोगशाळाच सुरू होते. धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं, त्याचे कण थेंबातून ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथे पोचून पुन्हा धातू होतात. हा धातू सपाट बसत नाही, नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटत उलट दिशेने वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली या फांद्या डोळ्यांदेखत वाढताना दिसतात. एक फांदी पलीकडच्या रेघेला टेकली की शॉर्ट. इकडे धन बाजूची रेघ झिजून झिजून तुटते, ते वेगळंच.

वीज नसताना तांबं हिरवं पडायला कित्येक दिवस लागतात. वीज असली की तेवढंच काम काही मिनिटांत उरकतं. मी फाइल सेव्ह करून फडकं शोधत होतो, तोवर माझ्या बोर्डावर हेच चाललं होतं.

कोणतं पेय किती वाईट

सांडायचंच असेल तर आरओचं पाणी सांडावं. त्यात क्षार कमी असतात. कोरा चहा किंवा कोरी कॉफी त्याच्या खालोखाल. आपल्या नेहमीच्या चहात साखर आणि दूध दोन्ही असतं. साखर वाळून चिकट थर होते, कळा रुततात. दुधाचा अंश चिपच्या खाली जाऊन बसतो आणि पुढे वासही मारतो. कोल्ड्रिंकमध्ये साखरेबरोबर आम्ल येतं, कोलाचा सामू (पीएच) २.५ च्या आसपास असतो. शहाळ्याचं पाणी पोटाला चांगलं, कारण त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर. लॅपटॉपला वाईट, कारणही तेच.

माझ्या मते या यादीत पहिला नंबर लिंबू सरबताचा. मीठ वीज वाहून नेतं, लिंबाचं आम्ल धातू खातं आणि साखर या दोघांना तिथेच चिकटवून ठेवते. तिन्ही वैरी एका ग्लासात. मीठ घातलेलं ताक आणि कोकम सरबत फार मागे नाहीत. गोव्यात बिअर सांडल्याचे किस्से ऐकायला मिळतात. पण सरबतापुढे बिअर परवडली म्हणायची.

पहिला मिनिट

सांडल्या सांडल्या एकच विचार डोक्यात ठेवा: वीज तोडायची. पुसणं नंतर.

चार्जर लावलेला असेल तर आधी तो काढा. प्लग, अ‍ॅडॉप्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्डही भिजला असेल तर त्याला हात लावण्याआधी भिंतीवरचं बटण किंवा मेन स्विच बंद करा. तिथे २३० व्होल्ट असतात. लॅपटॉप नवा घेता येतो. मग लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा, स्क्रीन आणि दिवे विझेपर्यंत, साधारण दहा सेकंद. विंडोजच्या मेन्यूत जाऊन शिस्तीत शटडाउन करत बसू नका, फाइल सेव्ह करू नका. त्या फाइलमधलं अर्ध्या तासाचं काम पुन्हा करता येईल. पेन ड्राइव्ह, माऊस, एचडीएमआयची वायर, जे काही खोचलेलं असेल ते उपटा.

आता उलटा करायचा, पण उलटा करतानाच पुष्कळ जण चूक करतात. घाईने झाकण मिटून उचलतात आणि चहा बिजागरीतून स्क्रीनमध्ये उतरतो. झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि लॅपटॉप पंच्यावर तंबूसारखा उपडा उभा करा. पुस्तक वाचता वाचता पालथं ठेवतो ना, तसा. कीबोर्ड खालच्या बाजूला तोंड करून, स्क्रीनकडे ओघळ जाणार नाही असा. झटकू नका, हलवू नका. झटकल्याने पाणी बाहेर येण्याऐवजी कोरड्या भागात जाऊन बसतं. बाहेरचं पाणी टिपून घ्या. कळांवर फडकं रगडलं की उरलंसुरलं पाणीही आत जातं.

काही मॉडेलांत, विशेषतः ऑफिससाठी बनवलेल्या अनेक थिंकपॅडमध्ये, कीबोर्डखाली पन्हाळीसारखी व्यवस्था असते. वरून पडलेलं पाणी खालच्या भोकांतून निघून जातं. चांगली सोय आहे, पण ती तुम्हाला उसंत देते, अभय नाही. जाहिरातीत लष्करी मानकाचा उल्लेख असतो त्यावरही विसंबू नका. त्या चाचण्यांत धक्के, तापमान, दमटपणा अशा गोष्टी असतात. सरबताचा ग्लास ओतून कुणी बघितलेला असेलच असं नाही.

एवढं करून लॅपटॉप बंद झाला असं आपल्याला वाटतं. तो पूर्ण बंद नसतो. पॉवर बटण दाबलं गेलं का, झाकण उघडलं का, यावर नजर ठेवणारी एक चिप सतत जागी असते, आणि तिला बॅटरीतून थोडी वीज चोवीस तास मिळते. वाड्यातले सगळे झोपले तरी देवडीवरचा राखणदार जागा असावा, तसं. म्हणून खरी वीज तुटते ती बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सुटतो तेव्हाच. पूर्वी बॅटरी खालून एक खटका सरकवून काढता यायची. आता ती आत, स्क्रूच्या झाकणाआड असते. तुम्ही याआधी रॅम किंवा एसएसडी (माहिती साठवणारी पट्टी) बदलण्यासाठी झाकण उघडलं असेल, योग्य स्क्रूड्रायव्हर हाताशी असेल, तर उघडा आणि बॅटरीचा कनेक्टर हलक्या हाताने सोडवा. सुरीचं टोक घालून नाही. स्वतः कधी उघडला नसेल तर उपडा ठेवलेला लॅपटॉप तसाच घेऊन दुकान गाठा. त्याच दिवशी. रविवार बघून जाऊ म्हणालात की तोवर राखणदाराच्या विजेवर कळकणं चालूच राहणार.

अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण विकत घेतलं असेल तर मात्र उघडू नका, थेट कंपनीला फोन करा. साध्या वॉरंटीत द्रव सांडल्याचं नुकसान धरत नाहीत. आणि लपवून फायदा नाही. अनेक लॅपटॉपच्या आत छोटे पांढरे स्टिकर असतात, ते ओले झाले की लाल होतात आणि वाळल्यावरही लालच राहतात.

तांदूळ, ऊन आणि हेअर ड्रायर

तांदळाच्या पिंपात ठेवण्याचा सल्ला तुम्हाला किमान तीन जण देतील. तांदूळ बंद डब्यातल्या हवेतला थोडा ओलावा शोषतो, इतकंच. बोर्डावरच्या चिपखाली अडकलेला थेंब काही तो ओढून घेत नाही. उलट कणी आणि पिठूळ धूळ पोर्टमध्ये आणि पंख्यात जाते. २०२४ मध्ये अ‍ॅपलने भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका असं आपल्या मदतीच्या पानावर स्पष्टच लिहिलं, ते याच कारणाने. हेअर ड्रायरच्या गरम झोताने कळा वाकतात, गोंद सुटतो आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. मे महिन्यातल्या गच्चीवरच्या उन्हात बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही नासतात.

पण समजा, तुम्ही अगदी उत्तम रीतीने वाळवलात. तरी काय होईल? कोकणातलं मिठागर आठवा. खाजणात भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं. पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. लॅपटॉप वाळवणं म्हणजे बोर्डावर मिठागर पिकवणं. पाणी गेलं, पण चहातली साखर, दूध, पाण्यातले क्षार जिथल्या तिथे.

आणि मग पाऊस येतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं हे प्रत्येक घरात माहीत असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे कित्येक दिवस आर्द्रता त्याच्या वरच असते. मेमध्ये बोर्डावर वाळून बसलेल्या माझ्या चहाच्या थराला जूनमध्ये पाणी सुटलं. वीज होतीच. राहिलेला प्रयोग पुढे सुरू झाला. लॅपटॉप महिनाभर नीट चालला म्हणजे वाचला, हा माझा हिशेब त्या पहिल्या पावसात वाहून गेला.

धुवायचा कसा

म्हणून दुरुस्तीत खरं काम वाळवण्याचं नसतं, धुण्याचं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारलंत तर 'बोर्ड वॉश' हा शब्द लगेच कानावर येईल. बॅटरी आणि घड्याळाचा बटण-सेल काढायचा, बोर्ड पूर्ण बाहेर घ्यायचा, त्यावरची पत्र्याची झाकणं उचलायची आणि मग धुवायचा. इथे एक गंमत आहे. सगळीकडे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरा असं सांगतात. पण साखर आणि मीठ आयपीएत नीट विरघळत नाहीत, ती पाण्यातच विरघळतात. म्हणून चांगला कारागीर चहा सांडलेला बोर्ड आधी डिस्टिल्ड पाण्याने धुतो. बरेच जण त्यासाठी अल्ट्रासोनिक क्लीनर वापरतात. त्यात पाणी सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतं, त्यामुळे ब्रश पोचत नाही त्या चिपखालची घाणही सुटते. मग त्या पाण्याला हुसकून लावायला आयपीए. ते पाण्यात मिसळतं, बारीक फटीत शिरतं आणि पाण्यापेक्षा लवकर उडून जातं.

घरी करणार असाल तर आयपीए ९९ टक्क्यांचं हवं. औषधाच्या दुकानात अनेकदा ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात बाकीचं पाणीच असतं. हँड सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते उडून जात नाही. आयपीए पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ, देव्हाऱ्यातल्या निरांजनाजवळ हा उद्योग करू नका. स्क्रीनलाही लावू नका. पण खरं सांगू, बोर्ड बाहेर काढण्यापर्यंत मजल जात असेल तरच हे करा. झाकण उघडून वरवर कापूस फिरवण्याला धुणं म्हणत नाहीत.

दुकानदाराला दोन प्रश्न नक्की विचारा. बोर्ड पूर्ण बाहेर काढून धुणार का? आणि चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरची बिघडलेली चिप तेवढी बदलणं, इथेच करता की थेट नवा बोर्ड सांगता? पहिल्या प्रश्नाला "ब्लोअर मारून देतो" असं उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

कीबोर्डचं मात्र मन घट्ट करा. कळांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेले असतात आणि त्यांच्यावर वीजवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात. चहा एकदा त्यांच्या मध्ये शिरला की वाळत नाही आणि धुताही येत नाही. तो बदलायचा. बऱ्याच मॉडेलांत तो वरच्या चौकटीला प्लास्टिकच्या खिळ्यांनी बसवलेला असतो, त्यामुळे मजुरी सुट्या भागाच्या बरोबरीने होते. दरम्यान यूएसबीचा साधा कीबोर्ड लावून काम भागतं.

बॅटरी फुगलेली दिसली, नुसती ठेवली असतानाही गरम लागली किंवा तिला गोडसर, थिनरसारखा वास आला, तर ती पुन्हा जोडायची नाही. चार्ज तर करायचीच नाही. घरातल्या कपाटात जपून ठेवण्याचीही ती वस्तू नाही.

आतला माल

लॅपटॉप गेला तरी माहिती बहुतेकदा वाचते. बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत एसएसडी ही वेगळी, च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू असते. एका स्क्रूने बसवलेली. ती काढून स्वच्छ करून यूएसबीच्या डबीत घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. मात्र तिथे एक अडसर येतो. विंडोज ११ अनेक लॅपटॉपांत एसएसडी आपोआप कुलूपबंद करतं आणि दुसऱ्या यंत्रावर ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. पण त्या खात्याचा पासवर्ड फक्त मेलेल्या लॅपटॉपलाच ठाऊक असेल, तर पंचाईत. आज पाच मिनिटं काढून ती की कागदावर उतरवून ठेवा. अलीकडच्या मॅकबुकांत आणि काही पातळ लॅपटॉपांत साठवणीच्या चिप बोर्डालाच जोडलेल्या असतात. तिथे बोर्ड जिवंत झाला तरच माहिती मिळते, म्हणून बॅकअप नसेल तर तिथे "बोर्ड बदलून देतो" याला घाईने हो म्हणू नका.

माझ्या लॅपटॉपची कथा बरी संपली. बोर्ड धुतला, पॉवरची एक आयसी (चिप) बदलली, कीबोर्ड नवा बसवला. ल आणि ळ परत आले. राहिली एक गोष्ट. दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारलं होतं, "काय सांडलं?" मी म्हटलं होतं, "पाणी. थोडंसंच." का म्हटलं, माहीत नाही. बहुतेक लोक हेच सांगतात म्हणे. त्याने झाकण उघडलं, भिंग बाजूला सारलं आणि चिमट्याने कीबोर्डच्या कडेकडून काहीतरी उचलून कागदावर ठेवलं. तीन वाळलेल्या मुंग्या होत्या.

"पाण्याला लागल्या होत्या का?" त्याने विचारलं.